सोंगाडीची चिठ्ठी

प्रिय भिंगू,

अक्षर ओळखलंस ना? मुंगीच्या पावलांचं अक्षर म्हणून तूच माझं नाव मुंगी ठेवलंस, आणि गळ्यात सदा भिंग लटकलेलं म्हणून मी तुला भिंगू. बावीस वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. त्यामुळे तू हे पाकीट न फोडताच टाकून देशील अशी धास्ती वाटते. फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच. मला तुझ्या त्या माशीबद्दल बोलायचं आहे.

संग्रहालयातली आपली कीटकांची खोली होती तशीच आहे. खिडकीची कडी अजून लागत नाही, डांबरगोळ्यांचा वास अजून कपड्यांतून जात नाही. या महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. माझ्या जागी आलेली मुलगी मोठी चुणचुणीत आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, मधमाशी आणि सोंगाडी माशी चटकन वेगळ्या कशा ओळखायच्या? मधमाशीचं सोंग घेते म्हणून सोंगाडी, हे नाव तुझं, हे तिला कुठलं माहीत! मी तुझाच धडा म्हणून दाखवला. अंगावरच्या लोकरीला भुलू नकोस, आधी पंख मोज. मधमाशीला चार, हिला दोनच. मग तोंड बघ, सुईसारखी सोंड सरळ पुढे आलेली असते. मिशा आखूड, पाय काडीसारखे. आणि एका जातीची सोंगाडी दुसरीपासून वेगळी काढायची तर पंखावरचा काळा पट्टा बघ आणि शेपटीकडचे केस. डोळे एकमेकांना टेकलेले असले की बहुधा नर, मधे जागा असली की मादी, कारण बाईला विचार करायला जागा लागते, हेही सांगितलं. तू आपल्या विभागाच्या साहेबांसमोर हे म्हणाली होतीस तेव्हाचा त्यांचा चेहरा आठवून मी एकटीच हसत बसले, आणि त्या पोरीला वाटलं म्हातारीचं काहीतरी बिनसलंय.

वीटभट्टीमागच्या वाळूच्या उतारावरून तू आणलेली सोंगाडी निराळी होती. पट्ट्याची कड पायरीसारखी तुटलेली, आणि नेहमीच्या जातीला शेपटीशी पांढऱ्या केसांचा जो झुपका असतो, तो हिला नव्हताच. ही नवी जात आहे म्हणून तू आठवडाभर जेवणखाण विसरलीस. मग ती बैठक झाली. साहेब म्हणाले, पट्टा काय, थोडा इकडेतिकडे असायचाच, आणि झुपका झडला असेल, या माशांचे केस नुसतं बोट लागलं तरी जातात. तू शांतपणे म्हणालीस, केस झडले तर मुळाशी खळगे उरतात, इथे ते नाहीत. आपल्या त्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून तुझ्याशिवाय कुणालाच काही दिसेना. साहेब आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवत म्हणाले, खळगे आम्हालाही नाहीत, म्हणजे आम्हाला केस कधी नव्हतेच का? सगळे खो खो हसले. मग त्यांनी मला विचारलं, कारण नमुन्यांच्या पेट्या माझ्या ताब्यात असायच्या. मी म्हणाले, हो, केस झडलेत. कुणाच्या हातून, या प्रश्नावर मी मूग गिळून बसले, आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. निष्काळजी हाताळणीचा शेरा तुझ्या नावावर बसला. टाचणीवरची चिठ्ठी मी लिहिली, नेहमीची जात, झिजलेला नमुना. दोन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस तेव्हा मी कपाटामागे उभी होते.

भिंगू, तू ती माशी आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तू ती नीट पाहण्याआधीच, पेटी माझ्या हातून पडली होती. माशी टाचणीसकट फरशीवर. मी घाबरून तिला कुंचल्याने झाडलं, आणि मग पाहते तर शेपटीशी झुपका नाही. मला वाटलं, माझ्याच हातून गेला. माझी नोकरी पक्की व्हायची होती, मी माशी गुपचूप पेटीत परत टोचून ठेवली. केसाने गळा कापणं म्हणतात, तो मी तुझा अक्षरशः कापला. मला त्याची फार लाज वाटते, आणि ती एक दिवसही कमी झाली नाही.

मागच्या आठवड्यात ही मुलगी त्याच उतारावरून चार सोंगाड्या घेऊन आली. ताज्या, कुणाचा हात न लागलेल्या. चारही जणींच्या पट्ट्याला पायरी, आणि झुपका एकीलाही नाही. तुझी माशी काढून नव्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. खळगे नाहीत, भिंगू. तिथे झडायला काही नव्हतंच. जी चूक लपवायला मी तुला बुडवलं, ती माझ्या हातून झालेलीच नव्हती. मी त्या मुलीला सगळं सांगितलं. साहेबांनाही फोन केला. त्यांनीच तुझा पत्ता दिला.

आपल्याकडचा नियम तुला आठवतच असेल. टाचणीवर एकदा लागलेली चिठ्ठी कितीही चुकीची असली तरी काढायची नाही, नवी तिच्याखाली लावायची. माझी चिठ्ठी फाडायला हात शिवशिवले होते, पण नाही फाडली. खाली तुझ्या चिठ्ठीपुरती जागा आहे. ती मुलगी लिहायला तयार होती, मीच नको म्हटलं. सोबत एक कोरी चिठ्ठी पाठवतेय. ही कोण आहे आणि कुणी ओळखली, ते तुझ्या हाताने लिही. टपालाने पाठवलीस तरी चालेल. पण तुझं स्टूल मी पुसून खिडकीशी ठेवलंय, आणि महिनाअखेरीपर्यंत रोज दाराकडे बघणार आहे. आलीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, तरी ये. माझी चूक माझ्या अक्षरात वर राहू दे. पुढे कुणीही ती पेटी उघडली की आधी ती वाचेल, आणि मग तुझं नाव.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
मुंगी