सकीनाच्या स्टोचा व्हॉल्व्ह

रिसोड, ता. १० जानेवारी १९४३, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसे लिहितात, आणि आपले दिवस आता पालटणार.

अकोल्याहून रऊफ आला होता. रऊफ म्हणजे सकीनाचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. सैफुद्दीन शेठच्या दिव्यांच्या दुकानात पोती उचलतो. त्याने शेठचा निरोप आणला. लढाईमुळे नवा माल बंद, म्हणून शेठने मोडक्या ग्यासबत्त्या आणि स्टोंचा एक ढीगच भंगारात घेतला आहे. चारांतून चांगले पार्ट काढून एक चालू नग करायचा. त्याला मेकॅनिक पाहिजे. दुकानामागची खोली राहायला. लग्नसराईच्या आत यावे, नाहीतर दुसरा माणूस बघतील.

म्हटले, आठवड्यात आलोच समजा. हातातली कामे तेवढी उरकतो. सकीनाने लगेच ट्रंक उघडून झटकायला घेतली. बायकांना धीर नसतो.

ता. १२ जानेवारी

कामे अशी दोनच. हिरालालच्या चहाच्या हॉटेलचा स्टो आणि भगवंतराव बागवाल्यांची ग्यासबत्ती. दोन्हींचा रोग एकच, पंपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह गेला. व्हॉल्व्ह म्हणजे बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू. हवा आत घेतो, परत बाहेर येऊ देत नाही. तो नसेल तर सगळा खेळ खलास. स्टो असो की बत्ती, एकच लागतो. तो रिसोडात नाही, वाशीमलाही नाही.

सकीनाचे म्हणणे, रऊफला सांगून शेठच्या ढिगातले दोन मागवा. मला हसू आले. मेव्हण्यापुढे हात पसरू? पाना कोणत्या हातात धरायचा हे त्याला मी शिकवले. शिवाय शेठच्या कानावर गेले की आपल्या होणाऱ्या मेकॅनिकजवळ साधा व्हॉल्व्ह नाही, तर?

तोड काढली. आमच्याच स्टोचा व्हॉल्व्ह काढून हिरालालच्या स्टोत बसवला. आमचा स्टो अमीनाबींनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्नात दिलेला. ओरिजिनल माल. सकीनाला म्हटले, दोन दिवस चुलीवर भागव.

ता. १४ जानेवारी

भगवंतराव दारात. त्यांच्याकडे दिवेलागणीला पोथी लागते, आळी जमते, आणि कंदिलात अक्षर दिसत नाही. म्हटले, आज संध्याकाळी बत्ती पेटेल. 'नाही' हा शब्द मेकॅनिकच्या तोंडी शोभत नाही.

ते गेल्यावर जरा घाम फुटला. मग डोके चालवले. हिरालाल दिवे लागायच्या आत हॉटेल बंद करतो. पोथी त्यानंतर. म्हणजे एकच व्हॉल्व्ह दोघांना पुरतो. सकाळी स्टोत, संध्याकाळी बत्तीत. मधली ने-आण मी करायची. या पद्धतीला मी 'फिरती सर्व्हिस' असे नाव दिले आहे. विलायतेतसुद्धा कोणाला सुचली नसेल.

सोमवारी अकोला पक्के.

ता. २१ जानेवारी

सोमवार गेला. हरकत नाही.

हिरालालने विचारले की दुरुस्त झालेला स्टो रोज उघडता कायले? 'चेकिंग' म्हटले. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना सांगत असतो की असा मेकॅनिक जिल्ह्यात नाही, घरी येऊन रोज पाहून जातो. चहा फुकट. भगवंतरावांकडे पोथीनंतरचा प्रसाद पहिल्यांदा मला. शेठने हे बघायला पाहिजे होते.

ता. १ फेब्रुवारी, सोमवार

अंगात ताप. तरी गेलो. आजारी पडायची सोय राहिलेली नाही. मी झोपलो तर सकाळचा चहा आणि संध्याकाळची पोथी दोन्ही झोपतात.

मेहरबी खाला, म्हणजे माझ्या मावशी, आजारी आहेत, त्यांना बघायला वाशीमला जायचे होते. पण दिवेलागणीच्या आत परतीची मोटार मिळेल याचा भरवसा नाही. गेलो नाही. हिरालालच्या हॉटेलापासून भगवंतरावांच्या ओसरीपर्यंत, एवढाच आता माझा मुलूख. कधी कधी वाटते, व्हॉल्व्हला मी फिरवत नाही, तोच मला फिरवतो. तापात असे विचार येतात.

सकीनाला खोकला. चुलीची सवय नाही म्हणून. होईल सवय.

ता. १६ फेब्रुवारी

रिठदला भगवंतरावांच्या पुतणीचे लग्न होते. बत्ती गाडीतून निघाली, आणि बत्तीत व्हॉल्व्ह. मग मीही गाडीत बसलो. म्हटले, ऐन लग्नात बिघडली तर कोण बघणार? लोकांना वाटले, केवढी आपुलकी. रात्रभर बत्तीशेजारी बसून राहिलो. जेवणही तिथेच आणून दिले. पाहुण्यांपैकी एकाने मला बत्तीचा मालक समजून रामराम केला.

परतायला दुपार झाली. तोवर हिरालालने सगळा चहा लाकडांवर केला होता. कपाळाला काजळी लागलेली. त्याला समजावले की स्टोला अधूनमधून एक दिवस विश्रांती द्यावी लागते, पितळ थकते. त्याला पटले. आता दर सोमवारी स्टोला सुटी द्यायचे त्याने ठरवले आहे. सज्जन माणूस.

ता. २८ फेब्रुवारी, रविवार

रऊफ परत आला. शेठ थांबायला तयार नाहीत, लग्नाच्या बत्त्यांना मागणी सुरू झाली आहे. त्याने आमच्या बंद स्टोकडे पाहिले आणि असा काहून पडला म्हणून विचारले. 'ओव्हरहॉलिंग' म्हटले. सकीना नुसती खोकली. मग तो हळूच म्हणाला, "दुल्हेभाई, काही पार्ट लागत असन तर सांगा. तिथं ढीग पडून राह्यला."

आता याच्याकडून पार्ट घ्यायचे. म्हटले, पार्टची आपल्याकडे कमी नाही, होळी झाली की येतो. तो म्हणाला, मग तोवर शेठ मलाच बसवतो म्हणतात. मी पोट धरून हसलो. पाना उजव्या हातात धर म्हणून सांगितले.

ता. ७ मार्च, रविवार

आज दिवस कलता रऊफ तिसऱ्यांदा आला, तर सकीना ट्रंक घेऊन तयार. डोळे लाल. भांडण नाही, आवाज चढवणे नाही. म्हणाली, "तुमी सारं गाव सांभाळून राह्यले. मले धूर सोसत नाई. मी रऊफसंगं जातो, तुमी या मागून."

ट्रंकेवर स्टो बांधलेला. म्हटले, व्हॉल्व्हशिवाय तो काय कामाचा? म्हणाली, "माह्या मायनं देला हाय."

व्हॉल्व्ह माझ्या बंडीच्या खिशात होता. नुकताच हिरालालकडून काढून आणलेला. हात खिशात गेलाही होता. पण पोथीची वेळ होत आली होती, आणि भगवंतरावांना मी शब्द दिलेला. हात खिशातच राहिला. मोटार सुटली. वाशीम स्टेशनापर्यंत पोचवायलाही जाता आले नाही.

जिवाला फार लागले. पोथीत आज काय वाचले ते कळले नाही. उजेड मात्र उत्तम होता.

ता. ८ मार्च

सोमवार. स्टोची सुटी. एक चक्कर वाचली. घरी कोणी नसल्यामुळे वेळ भरपूर आहे. पद्धत सुधारत चालली आहे.

ता. १८ मार्च

बाजारासाठी शेठचा माणूस काल रात्रीच अकोल्याहून आला. त्याच्याबरोबर रऊफने दोन व्हॉल्व्ह पाठवले, एक हिरालालला, एक भगवंतरावांना. माझ्याकडे कोणी विचारायलाही आले नाही. नावे सकीनाने सांगितली असणार. म्हणजे तिला सगळे ठाऊक होते. पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल.

सकाळी मी पोचलो तेव्हा स्टो भरभरत होता. हिरालाल प्रेमाने म्हणाला, "वहाबभाई, आता तुमाले रोजची तकलीफ नाई." चहाचे पैसे घेतले. भगवंतरावांनी बत्ती स्वतःच पेटवली, उगाच कशाला येतोस म्हणाले.

शेठने रऊफला मेकॅनिक केले आहे. मागच्या खोलीत तो आणि सकीना राहतात. तिच्या स्टोलाही त्याने ढिगातला व्हॉल्व्ह बसवला. माझ्यासाठी निरोप आहे की काम फार वाढले, रऊफच्या हाताखाली एक माणूस पाहिजे, यायचे असेल तर जागा आहे.

विचार करून कळवतो म्हणालो.

ता. २१ मार्च, रविवार, सकाळ

सवयीने लवकर उठलो. हॉटेलच्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो. आता मला कुठेही जाता येते. रिठद, वाशीम, कुठेही. दुपारपर्यंत ओट्यावर बसेन म्हणतो.

व्हॉल्व्ह धुऊन पुसून खिडकीत ठेवला आहे. ओरिजिनल माल, कधी दगा देणार नाही. फक्त बसवायला घरात काही नाही.

चहासाठी चूल पेटवली. धूर खरोखरच फार होतो.