लहान झालेली रोटी

काका, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तुमची अरबी. दोघांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर आपण इतकी वर्षं एका ओव्हनपाशी निभावली. पण आजचं हे मला मराठीतच सांगता येईल. माझी नात कैरोला निघालीय, तुमच्या गावाला.

तुमच्या बेकरीत मी आले तेव्हा पोरं शाळेत जायला लागली होती आणि इथे परक्या देशात, शॉमबर्गच्या घरात दिवसभर भिंतींशी बोलून मी कंटाळले होते. पोळ्या लाटणारा हात म्हणून तुम्ही मला ठेवून घेतलंत. मग एकदा मैदा महागला. तुमच्या कपाळावरच्या आठ्या बघून मी आपलं घरच्यासारखं केलं. पाहुणे वाढले की आपण गोळा जरा आखडता घेतो ना, तसा घेतला. भाव तोच, रोटी किंचित लहान. कुणाला कळतंय! तुम्ही पहिलीच रोटी तळहातावर घेतलीत, जरा हलवलीत आणि अख्खी परात मला पुन्हा मळायला लावलीत. "भाव वाढव. लोक मला शिव्या देतील, देऊ दे. गोळा लहान करायचा नाही. आमचं सरकार हेच करतं."

त्या दुपारी ओव्हन गार होईपर्यंत तुम्ही बोलत होता. सरकार स्वस्त रोटी देणार आणि लोकांनी तोंड उघडायचं नाही, असा तिकडे कुणी न लिहिलेला करार. पोरांना कॉलेज, कॉलेजनंतर सरकारी नोकरी. पुढे तिजोरी आटली, कर्ज देणाऱ्यांनी हात आखडायला लावला, नोकऱ्या गेल्या आणि कारखाने मात्र सत्तेतल्यांच्या जावयांच्या, मेहुण्यांच्या घरात शिरले. पदवीधर मुलगा टॅक्सी चालवतो, भाड्याची खोली परवडत नाही म्हणून त्याचं लग्न अडतं, आणि वर चौकीतला शिपाई येताजाता कानाखाली वाजवतो. गहू बोटीनं बाहेरून येणार. पिकवणाऱ्या देशात पीक बुडालं की कैरोत रोटीची रांग लांबते. उघड भाव वाढवला तर माणसं रस्त्यावर येतात, म्हणून रोटीच लहान करायची. "हाताला कळतं," तुम्ही म्हणालात. "आई रोज घेते ना हातात." पुढे लायब्ररीतून पुस्तकं आणून मी पुष्कळ वाचलं, पण ते सगळं त्या दुपारवर रचत गेले.

आणि मग खरंच माणसं कैरोच्या चौकात उतरली आणि सत्तेवरच्या माणसाला खुर्ची सोडावी लागली. बेकरीतल्या टीव्हीसमोर गिऱ्हाइकं नाचतायत, कुणी बकलाव्याचा ट्रे फिरवतंय, आणि तुम्ही स्टुलावर तसेच बसलेले. मी म्हटलं, "काका, तोंड तरी गोड करा." तुम्ही म्हणालात, "एक माणूस गेला. त्याचे शिपाई कुठे गेले?" तुमचा पुतण्या चौकातल्या त्या गर्दीत होता. नंतर कधीतरी शिपायांनी त्याला घरातून उचलून नेलं. कित्येक आठवड्यांनी परत आला तेव्हा तुम्ही फोन ठेवून माझ्याकडे बघितलंत. "हात-पाय ठीक आहेत. जेवतो. फक्त बोलत नाही." एवढा वाचाळ पोरगा, फोनवर मलासुद्धा "आंटी, आंटी" करून हसवायचा. त्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

परवा नात माझ्याच किचनमध्ये बसून थालीपीठ खातेय. पीएचडीसाठी रोटीच्या रांगेतल्या बायकांशी बोलणार म्हणे.

"काय विचारणार गं त्यांना?"

"ब्रेड लहान झाला तर त्या कुणाला ब्लेम करतात."

"हे तिथे, रांगेत उभं राहून विचारणार?"

"आजी, रिलॅक्स! माझी युनिव्हर्सिटी आहे ना मागे. आणि सगळं तूच तर मला शिकवलंस. लहानपणी लोकांच्या आज्या परीच्या गोष्टी सांगायच्या, तू सबसिडी सांगायचीस."

मी हसले. काय करणार? तिची आई म्हणते, "तुझं ऐकेल ती, तू नको म्हण." कुठल्या तोंडानं म्हणू? तिथं माणसं अजून रांगेत उभी आहेत, कुणीतरी विचारायला हवंच. पण ते कुणीतरी माझ्या घरातलंच का, असं मनात येतं आणि माझीच मला लाज वाटते. विमान पडेल, गोळी लागेल असलं काही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. मला दिसतं ते एवढंच, की ती याच टेबलावर बसलीय, मी विचारतेय, "अजून एक वाढू का?" आणि ती नुसती मान हलवतेय.

निघताना बूट घालता घालता तिनं विचारलं, "आजी, बेकरीवाल्या काकांचा तो नेफ्यू, त्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? मला त्याला भेटायचंय."

तुम्ही गेल्यावर काकूंनी मला तो दिला होता. दर ईदला मी त्याला दोन शब्द पाठवते. तो उत्तर देत नाही, पण वाचतो, तेवढं कळतं.

मी तिला म्हटलं, "नाही गं, जुन्या फोनबरोबर गेला तो."