जोत्याचा हात आणि डावा कान

उंब्रज,
रविवार, ता. ९ जून १९७४

तीर्थरूप दाजी यांच्या पायांवर मानसिंगचा नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का, आणि अक्काची दाढ दुखली की तिचा राग अजून तुमच्यावरच निघतो का, ते सवडीने कळवावे. इकडे सर्व खुशाल आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. ते वाचून सोडून द्यावे. खरी हकीकत अशी, की आमच्या जोत्याचे नाव पहिलीत घातले गेले नाही, आणि ते माझ्यामुळे.

तुम्हाला ठाऊकच आहे, जोत्या जन्मला तेव्हा मी बर्फात होतो, तो चालायला लागला तेव्हाही बर्फातच होतो, आणि त्यानंतर घरी आलो तर 'फोटोतला माणूस आला' म्हणून तो चुलीमागे जाऊन लपला. एरवी रजा मिळते ती भलत्याच महिन्यात. या खेपेला मात्र साहेबाच्या मागे लागून दोन महिने असे मागून घेतले, की निदान पोराचे शाळेत नाव घालताना तरी बाप हजर असावा. येत्या गुरुवारी ती रजा संपते. एसटीतून उतरून पोर पाहिले तर बरगड्या मोजून घ्याव्यात, नाक वाहते आहे, बोटांच्या बेचक्यांत खरूज, आणि पोट तेवढे सगळ्यांच्या पुढे. असला जवान भरतीच्या पहिल्या दारातूनच परत गेला असता. शाळा सुरू व्हायच्या आत याला ठणठणीत करून दाखवतो, असे मी त्याच संध्याकाळी चारचौघांत बोलून बसलो. (चारचौघांत बोलण्याची माझी खोड तुम्ही लग्नापासून पाहत आला आहात.)

पहिला मोर्चा जंतांवर. मी एरंडेलाची बाटली काढली आणि जोत्या परड्यातल्या चिंचेवर चढला. आई खाली उभी राहून, "लेकराचा जीव घेतूस काय रं!" म्हणून मलाच झोडपू लागली. आमच्या पलटणीत शिकवतात, की हुकूम देणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावे. म्हणून मी चिंचेखाली ताठ उभा राहून कपभर एरंडेल पिऊन दाखवले. तो वरून फार लक्ष देऊन बघत होता. "आनि एक प्या," म्हणाला. तेही प्यालो. (तुमच्यापासून काय लपवायचे?) त्यानंतर दिवसभर मी घर आणि उसाचा फड यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या, आणि तिसऱ्या फेरीनंतर घरी परत येण्याचा नाद सोडून फडातच बसलो. जोत्याला शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक गोड गोळी दिली, ती त्याने चघळली आणि दुसरी मागितली.

मग सकाळची कवायत. पहिल्या दिवशी एकटा जोत्या होता, दुसऱ्या दिवशी आळीतली अकरा पोरे आली, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या आया मिसरी लावत कट्ट्यावर बसून माझी कवायत बघू लागल्या. 'दौड' म्हटले की पोरे दौडत ती थेट नदीवर, आणि दुपारी भूक लागल्यावर परत. खरजेवर गंधक आणि खोबरेल चोपडले, तर पोर आठ दिवस अशा वासाने घरात वावरले की म्हैस पान्हा चोरू लागली. पण सगळ्यांत घात केला तो खुराकाने. मी रोज सकाळी त्याला दोन अंडी आणि तांब्याभर दूध देत होतो. माझ्या आधी आई त्याला चुलीपाशी भाकरीवर लोण्याचा गोळा घालून चारत होती, हे मला माहीत नव्हते. माझ्यानंतर लीला शेंगदाण्याचे लाडू देत होती, कारण माझ्या कवायतीने पोर वाळले असे तिचे मत. तिघे एकमेकांना चोरून घालत होतो आणि पोराने कोणाचेच मन मोडले नाही. जूनपर्यंत जोत्याला मान राहिली नाही. मी मात्र कट्ट्यावर सांगत फिरत होतो, बघा, याला म्हणतात तब्येत.

काल शनिवारी नवी टोपी घालून त्याला शाळेत नेले. हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, गावात वीज आली त्या साली, ज्वारीच्या काढणीला. लीला म्हणाली, त्याच्या पुढल्या साली, आणि बाळंत मी झाले, सासूबाई न्हाई. मला विचाराल तर मुलगा झाल्याची तार मला दीड महिन्याने मिळाली होती. हेडमास्तरांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, मग नेहमीचेच करू. नेहमीचे म्हणजे उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरला तर सहा वर्षे पुरी, नाही तर घरी. जोत्या मी शिकवला तसा सावधान उभा राहिला. हात वर गेला, डोक्यावर टेकला आणि कानाच्या दोन बोटे अलीकडे थांबला. तीन वेळा केले. तीनही वेळा दोन बोटे. मी म्हणालो, गुरुजी, याची छाती तर मोजा! ते म्हणाले, "हवालदार, इथे छाती लागत नाही. पुढच्या जूनला आणा."

बाहेर आल्यावर लीला रस्त्यातच उभी राहिली. "आवं, चैतात पोचत हुता की हात! तुमी येऊन दंड जाड केलंसा आन् साळा घालवलीसा." दाजी, मी लढाई बघितली आहे, पण या वाक्यापुढे माघार घेऊन तिच्या मागून घरी चालू लागलो. पुढच्या जूनला मी कोठे असेन, कोणी सांगावे? एका कामासाठी आलो होतो, तेच मी माझ्या हाताने घालवले. कालपासून जेवण जात नाही. अक्काला आशीर्वाद मागतो म्हणून सांगावे.

आपला, रजा फुकट घालवलेला,
मानसिंग

ता. क. हे पत्र लिहायचे खरे कारण वर लिहायचा धीर झाला नाही. निघताना फार विनवल्यावर, या महिनाअखेरपर्यंत पुन्हा बघू, असे हेडमास्तर म्हणाले आहेत. तोवर जोत्याला सांगलीला तुमच्या घरी ठेवून घ्या. लग्नात तुम्ही केवढे होता आणि अक्काच्या हातचे जेवून केवढे राहिलात, हे सगळ्या भावकीने पाहिले आहे. पंधरा दिवसांत त्याचा दंड उतरेल. ही ओळ अक्काला वाचून दाखवू नये.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ. काल पोस्ट बंद, म्हणून पत्र घरीच राहिले. आज उठून गोठ्यात गेलो, तर जोत्या म्हशीपाशी बसला होता. त्याच्या डाव्या हातात लाडू होता आणि डाव्या कानाला गोमाशी चावली होती. त्याने उजवा हात डोक्यावरून नेला आणि तो कान मुळापासून पाळीपर्यंत निवांत खाजवला. मी हाक मारली, तसा हात झटकन खाली. शाळेत का नाही रे पोचला, म्हणून विचारले. म्हशीकडे बघत म्हणाला, "तुमीच सांगत हुता न्हवं समद्यास्नी, जोत्याचं नाव घातलं की मी चाललो ड्यूटीवर. मग म्या कानच न्हाई धरला."

दाजी, मी त्याचे नाक पुसले आणि तिथेच बसलो. सांगलीला धाडायचे राहू द्या. आज पुन्हा शाळेत नेऊन 'धर कान' म्हटले तर तो धरील, हुकूम मोडायचा नाही. पण तो हुकूम माझ्या तोंडून निघत नाही. मी गुरुवारच्या गाडीने जातो. तुम्ही दुकानातून एक दिवसाची सुट्टी काढून शुक्रवारी इकडे या आणि त्याला शाळेत न्या. मी गेल्यावर त्याला हात आखडायचे काही कारण उरणार नाही.