रीकिंडलचं कर्म

"सकर्मक क्रियापद आहे ते," सिगडीला पुठ्ठ्यानं वारा घालत तुम्ही म्हणालात. "कर्म कुठंय?"

गॅस संपला होता, बाबा. बरकतपुऱ्याच्या घरातलं स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं आणि लग्नानंतर मी पहिल्यांदाच तिथं आले होते. अवघड ते इंग्रजीत बोलायचं, ही आपल्या घरची रीत. आईच्या आजाराचं नावसुद्धा तुम्ही आम्हाला इंग्रजीतच सांगितलंत. म्हणून मीही बसमध्ये वाक्य जुळवत आले होते : 'आय वॉन्ट टु रीकिंडल विथ यू.' विझत आलेलं पुन्हा पेटवायचं, एवढंच मला म्हणायचं होतं.

तुम्ही मान वर केली नाहीत. "विस्तव रीकिंडल करतात. मैत्री करतात. माणसाशी नुसतं रीकिंडल होता येत नाही. काय शिकवलं मी तुला इतकी वर्षं?"

कर्म मला माहीत होतं. नातं. पण तो शब्द उच्चारला असता तर तुम्ही विचारलं असतंत, कुणाचं कुणाशी? आणि मला माझ्या नवऱ्याचं आडनाव घ्यावं लागलं असतं. नांदेडकडच्या बौद्ध घरातल्या मुलाशी मी लग्न केलं, म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत. जामबागच्या शाळेत मात्र समतेवरचे निबंध वर्षानुवर्षं तपासत होतात. त्यांतली स्पेलिंगं सुधारत होतात. कोळसे पेटले. तुम्ही चहा ठेवलात, एक कप. मी उठले.

तुम्ही गेल्याचं मला सगळं आटोपल्यावर कळलं. "बाबांनीच बजावलं होतं, तुला कळवू नको," असं धाकटा भाऊ म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही.

आज संध्याकाळी त्याचा फोन आला. तो परदेशी असतो, चार दिवसांसाठी आलाय, आबिड्सला हॉटेलात उतरलाय.

"ताई, बस झालं ना आता. लेट्स रीकिंडल."

"काय रीकिंडल? कर्म सांग."

"कर्म? म्हंजे नशीब?"

"सकर्मक क्रियापद आहे ते."

"नक्को ना ताई, बाबांसारखं नक्को करू. मला मराठी ग्रामर आलंय का कधी?" मग म्हणाला, "आपण दोघं. और क्या?"

मी 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याला मराठी धड वाचता येत नाही. कर्म म्हणजे त्याला नशीब वाटतं. तरी विचारल्यावर त्यानं ते सांगितलं. मला त्या दिवशी सांगता आलं नाही, आणि तुम्हाला ते ऐकायचं नव्हतं. तुम्ही व्याकरणाआड बसून राहिलात. मला वाटायचं, ती तुमची शिस्त. आता वाटतं, तो भित्रेपणा होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. त्याला अडवलं तेव्हा माझा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा निघाला. आणि मला ते आवडलं.

हे दुसऱ्या दिवशी लिहितेय : सकाळी तो आला. बूट बाहेर काढू की आत, असं त्यानं विचारलं. "आत काढ," मी म्हटलं. "बाहेर कुत्री पळवतात."