पोलिक्सेनीचा दिवस

२४ ऑगस्ट, शनिवार

गावाहून परत आलो. एकटा. पोलिक्सेनीला एव्हिया बेटावर, तिच्या आईशेजारी पुरलं. आज सहावा दिवस. आमची मुलगी वासो तिथूनच परस्पर जर्मनीला गेली, तिची रजा संपली होती. जाताना म्हणाली, "बाबा, घरात काहीतरी खायला आणून ठेवा." काहीतरी म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

फ्रिजमध्ये अर्धं लिंबू आणि औषधाची बाटली. बाहेर पडावंच लागलं. तीस वर्षं याच रस्त्यावरून ट्रॉलीबस नेली. आमच्या किप्सेली वस्तीतलं एकेक दुकान काचेतून पाठ आहे, पण आत कधी पाय ठेवला नाही. ते तिचं राज्य.

कोपऱ्यावरचा भाजीवाला हमदी, इजिप्तचा. वर्षातून एकदा मला बघतो, तरी लगेच ओळखलं. "या या, ड्रायव्हरसाहेब! ताई कशा आहेत? दवाखान्यातून घरी आल्या का?"

सांगायचंच होतं. तोंड उघडलं, तर बाहेर पडलं — "आली. पडून असते."

"देवाची कृपा," म्हणाला आणि माठाची एक जुडी पिशवीत कोंबली. "त्यांना द्या. सकाळीच आलाय."

मला माठ आवडत नाही. पंचेचाळीस वर्षं ती तो उकडून, वर लिंबू आणि तेल घालून खायची, मी समोर बसून तोंड वाकडं करायचो. आज उकडला. जास्त उकडला.

२५ ऑगस्ट

रविवार. दुकानं बंद. दिवसभरात एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी खोकलो, तेवढाच आवाज.

२६ ऑगस्ट

ती रोज जायची. चीज एकीकडून, भाजी दुसरीकडून, तांदूळ तिसरीकडून. आणि थोडं थोडं! मी म्हणायचो, "बाई, एका फेरीचं काम तू चार फेऱ्यांत करतेस. माझ्या बसवर असतीस तर कधीच काढून टाकलं असतं तुला." ती म्हणायची, "तुला नाही कळायचं."

आज कळलं. सगळं एकदम आणलं की उद्या कोणाकडे जायचं?

म्हणून शंभर ग्रॅम चीज घेतलं. ग्वांत्साकडून — जॉर्जियाची बाई, पन्नाशीची, चीज, पाव आणि गहू-पीठ विकते. जिभेला हाड नाही तिच्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "शर्टाला इस्त्री नाही, म्हणजे ताई अजून उठलेली नाही."

मी म्हटलं, "नाही उठली."

खोटं तरी कुठे बोललो?

२९ ऑगस्ट

आता तिन्ही दुकानांत पोलिक्सेनी जिवंत आहे. मोफिझकडेही — तो बांगलादेशचा, तांदूळ, डाळी, मसाले. त्याने तिच्यासाठी आल्याचा तुकडा दिला. "काका, पाण्यात उकळून द्या काकूंना. छातीला बरं." मी "देतो" म्हटलं. घरी येऊन खरंच उकळलं. कप पलंगाच्या तिच्या बाजूला ठेवला. मग मीच प्यालो. तिखट.

हे पाप आहे का? असेल. पण दिवसातून तीनदा कोणीतरी तिचं नाव घेतं, आणि तेही वर्तमानकाळात. घरी परतेपर्यंत तसंच वाटत राहतं. जिना चढताना तर हटकून वाटतं. दार उघडलं की संपतं.

३ सप्टेंबर

हमदीने तिचा एक किस्सा सांगितला. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्याला म्हटलं, "तुमच्या देशात परत जा." पोलिक्सेनी मागे उभी. त्या गृहस्थाची टोमॅटोची पिशवी तिने त्याच्या हातातून काढून घेतली आणि टोमॅटो एकेक करून परत ढिगात ठेवले. म्हणाली, "हे इथे वाढलेले नाहीत बहुतेक. तुम्हाला सोसायचे नाहीत."

मला हे तिने कधी सांगितलं नाही. की सांगितलं, आणि मी बातम्या बघत होतो?

७ सप्टेंबर

वासोचा फोन. "बाबा, इकडे या. खोली रिकामी आहे." तिथे काय करू? तिथल्या दुकानात पोलिक्सेनीला कोण ओळखतं?

११ सप्टेंबर

आज ग्वांत्साने पोलिक्सेनीची चौकशी केली नाही. विचारलं काय — "काल तुम्ही काय जेवलात?"

मी म्हटलं, "आम्ही पाव-चीज."

"पाव-चीज म्हणजे जेवण नाही," म्हणाली आणि एका डब्यात राजमा बांधून दिला. अक्रोड घातलेला. एका माणसापुरता.

रागच आला. आजारी माणूस घरात आहे आणि ही एकाचं जेवण बांधते! पण चवीला बरा होता.

१३ सप्टेंबर

हमदीनेही विचारलं नाही. मी मुद्दाम जरा घुटमळलो. भेंडी दिली, मला आवडते ती, कोवळी. मी म्हटलं, "आणि माठ? तिच्यासाठी?"

"संपला, साहेब."

मागे पेटीभर पडला होता. मला डोळे आहेत.

तिसऱ्या आठवड्यातच लोकांना कंटाळा आला तिच्या आजारपणाचा. माणूस डोळ्याआड झाला की असंच. पंधरा वर्षं ती यांच्याकडे जात होती. ग्वांत्साला कागदपत्रांसाठी कचेरीत घेऊन गेली, मोफिझच्या मुलीला ग्रीक वाचायला शिकवलं. आणि आता "काका, अजून काही?" — संपलं.

१६ सप्टेंबर

ग्वांत्साच्या दुकानात गल्ल्यावर चर्चचं कॅलेंडर आहे, रोजच्या संताचं नाव असलेलं. पाव घेताना नजर गेली. २३ सप्टेंबर — पोलिक्सेनी.

म्हणजे तिचा नामदिन, तिच्या नावाच्या संताचा दिवस.

नामदिनाला आमच्याकडे कोणाला बोलवायचं नसतं. ज्याला आठवण असेल तो येतो. दार उघडं ठेवायचं, गोड तयार ठेवायचं. ही रीत तिने या तिघांनाही लावली. पहिल्या वर्षी मोफिझ बिचारा आमंत्रणाची वाट बघत दुकानातच बसला, ती स्वतः जाऊन कान धरून घेऊन आली. तेव्हापासून तिघं दर वर्षी येतात. ग्वांत्सा चीजची गरम रोटी आणते, मोफिझ शेवयांची खीर, हमदी फुलं — आणि ती शेजारच्या बागेतली असतात हे सगळ्यांना माहीत असतं. मी एक पेला घेऊन टीव्हीवर खेळ बघत बसायचो.

म्हणजे सोमवारी येतील. आजारी आहे म्हटल्यावर तर नक्कीच येतील. आणि विचारतील, "कुठे आहेत?"

१७ सप्टेंबर

त्याआधी सांगायला हवं. एकेकाला. उद्या मोफिझ. तो सौम्य आहे.

१८ सप्टेंबर

मोफिझकडे गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "काका, बोला."

"मोफिझ," म्हटलं. "मला —"

"हां, काका?"

"लवंगा."

१९ सप्टेंबर

पुन्हा गेलो. पुन्हा लवंगा. त्याने पुडी बांधून दिली. या घराला आता सात वर्षं लवंग विकत घ्यायला नको.

भीती कसली वाटते ते लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. चार आठवडे मी यांच्या तोंडावर खोटं बोललो. त्यांनी तिच्यासाठी आलं दिलं, माठ दिला, दुवा दिल्या — मी घेतल्या. कळल्यावर माझं तोंडही बघणार नाहीत. मग या शहरात मला नावाने हाक मारणारं कोणी उरत नाही. ती गेली, आणि हे गेले, तर मग वासोकडची रिकामी खोली.

२१ सप्टेंबर

हमदीकडे गर्दी. ग्वांत्साकडे शब्द घशापर्यंत आले होते. ती चीज कापत होती, मान खाली. "ग्वांत्सा, सोमवारी —" म्हटलं. सुरी थांबली. वर बघितलं नाही तिने. मी म्हटलं, "सोमवारी दुकान उघडं आहे ना?"

"सोमवारी का बंद असेल?" म्हणाली. सुरी पुन्हा चालू.

बाहेर येऊन स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

२२ सप्टेंबर, रविवार

ठरलं. येऊ देत. दारातच सांगेन, तिघांना एकदम. एकदाच मरण.

घर झाडलं. तिचे छोटे काचेचे पेले पुसले. चेरीचा मुरंबा आहे अजून, तिने जूनमध्ये केलेला, दोन बरण्या. एक फोडली. वास आला आणि बसलोच खुर्चीवर. मग उठून बशा मांडल्या. तीन खुर्च्या, माझी चौथी.

शयनघराचं दार लावून घेतलं. मनात एक हलकट विचार येऊन गेला — "झोपली आहे" म्हटलं तर? हळू बोला म्हणायचं, मुरंबा द्यायचा, वाटेला लावायचं. आणखी एक वर्ष निघेल.

शी.

२३ सप्टेंबर

सकाळी आरशासमोर वस्तरा घेऊन उभा राहिलो. घरात पाहुणे येणार आणि हे असं थोबाड, पाच आठवड्यांची पांढरी दाढी. पण चाळीस दिवस दाढीला हात लावायचा नसतो. वडील गेले तेव्हा नाही लावला, आई गेली तेव्हा नाही. आणि बायको गेल्यावर लावू? वस्तरा ठेवून दिला. दाढी बघून काय समजायचं ते समजोत.

पाचला दार उघडं टाकून बसलो. ती पाचलाच उघडायची.

सहाला लिफ्ट आली. वरच्या मजल्यावर गेली.

सात. जिन्यात पावलं वाजली, मी उभा राहिलो, शर्ट खोचला. पत्रकं टाकणारा माणूस. पिझ्झ्याचं पत्रक दिलं.

आठला वासोचा फोन. दोघं रडलो थोडं. तेवढंच.

साडेआठ. मुरंब्यावर मुंग्या.

नऊ. दार लावलं.

एकही नाही. तिघांपैकी एकही नाही! रस्ता ओलांडायचा फक्त. सबंध दिवस मी घाबरलो ते येतील म्हणून, आणि आता बसून रडतोय ते आले नाहीत म्हणून. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तिचा दिवस विसरले. पंधरा वर्षं मुरंबा खाल्ला तिचा, आणि विसरले.

उद्या वासोला फोन करतो. येतो म्हणून सांगतो.

२४ सप्टेंबर

वासोला फोन करण्याआधी ग्वांत्साकडे गेलो. भांडायलाच. हमदी तिथेच होता, पाव घ्यायला आलेला. मी दारातूनच म्हटलं, "काल तिचा दिवस होता."

ग्वांत्साने सुरी खाली ठेवली. "माहीत आहे, आर्गिरिसभाऊ. पण शोक असलेल्या घरी वर्षभर नामदिनाला जायचं नसतं. माझा भाऊ गेला त्या वर्षी ताईनेच माझ्या दारात उभं राहून सगळ्यांना परत पाठवलं होतं."

हमदी जमिनीकडे बघत होता.

यांना हे कधीपासून माहीत, ते मी विचारलं नाही. म्हटलं, "एकोणीस ऑगस्टला गेली." मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं.

"हो," ग्वांत्सा म्हणाली.

मग म्हटलं, "रविवारी चाळिसावा करतोय. चर्चमध्ये वाटायला गहू शिजवायचेत. अर्धा किलो दे."

"अर्ध्या किलोत काय होतंय," ती म्हणाली. "आमचीच तीन घरं आहेत."

दोन किलो आणले. कसे शिजवायचे ते दाखवायला शनिवारी तिघं येणार आहेत.