सेतुरामच्या अ‍ॅम्पमधली घूं

३ जून २०२५, मंगळवार. सकाळी ९.४०

तिरुवैयारूहून शांभवीनं ऑटोत घालून अ‍ॅम्प पाठवला. शांभवी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सेतुरामची मुलगी. अ‍ॅम्पही सेतुरामचाच. १९६४ सालचं लाकडी खोकं, आत काचेचे पाच व्हॉल्व्ह. तिरुचीच्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गार्डकडून घेतलेलं. त्याला गिटार जोडून हा पठ्ठ्या कर्नाटक संगीत वाजवायचा.

सेतुराम जाऊन वर्ष होत आलं. २ जुलैला वर्षश्राद्ध, ३ ला शुभस्वीकार. म्हणजे दुःखाचं वर्ष संपलं, घरात परत गोडधोड आणि गाणंबजावणं सुरू. त्या दिवशी शांभवी वडिलांच्या अ‍ॅम्पवर वाजवणार. एक व्हॉल्व्ह गेलाय, आवाज फुटतो, तेवढा बदलून द्याल का काका, असं विचारलं.

तेवढाच कशाला? एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंय. संपूर्ण जीर्णोद्धार करतो, म्हणालो. तुझा अप्पा नव्यानं बोलायला लागेल, असंही म्हणालो. तिनं लगेच फोन ठेवला. भारावली असावी.

४ जून. सकाळी १०.१५

रोज दोन तास काम. दहा दिवसांत पूर्ण. ही नोंदवही देवनागरीत ठेवतोय, कारण इथे तंजावूरला आमच्या घरात ती लिपी माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. त्यामुळे खरं तेच लिहायचं.

अ‍ॅम्प सुरू केला. फुटका आवाज किरकोळ. मुख्य रोग वेगळाच: घूं. गिटार न जोडताही खोक्यातून एकसारखी घूं येते. पूर्वीही यायची. सेतुराम तेव्हा आमच्याकडे माडीवर राहायचा. त्या घूंवरून मी एकदा त्याला शास्त्रीय सूचना केली होती. ती न पटल्यामुळे तो तिरुवैयारूला राहायला गेला. अकरा वर्षं झाली. मला जायला जमलं नाही. पेपर तपासणी, मग गुडघा.

बटण बंद केल्यावरही घूं तीन-चार सेकंद राहते. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज. घाबरण्यासारखं काही नाही.

७ जून, शनिवार

शॉक बसला. कोपरापर्यंत. प्लग काढलेला होता.

बायको, नागलक्ष्मी, कॉफीचं डिकॉक्शन टाकून धावत आली. माझा चेहरा बघून म्हणाली, भावजींनी मारलं. मी तिला समजावलं की वीज साठवणं हा कपॅसिटरचा धर्म आहे आणि हे मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलंय. मग हात कां घातलात, म्हणाली. तिच्याशी विज्ञानावर बोलण्यात अर्थ नाही.

आज काम बंद. 

९ जून. दुपारी १२

दक्षिण वीथीतल्या सुब्रह्मण्यकडे गेलो. ऐंशीचा रेडिओ मेकॅनिक. त्यानं अ‍ॅम्पचा फोटो बघताच ओळखला. सेतुराम तीनदा घेऊन आला होता म्हणे. घूं येते ती या दोन जुन्या कपॅसिटरमुळे, बदलून देतो, असं सुब्रह्मण्य तिन्ही वेळा म्हणाला आणि सेतुराम तिन्ही वेळा नको म्हणाला. तुम्हीही त्याला हात लावू नका सार, व्हॉल्व्ह घाला आणि सोडा, असा सल्लाही वर दिला.

का नको म्हणाला, ते विचारायची गरज पडली नाही. सेतुराम लहानपणापासून आळशी. आणि मेकॅनिक लोकांची थिअरी कच्ची असते.

नवे कपॅसिटर ऑनलाइन मागवले.

१३ जून. दुपारी ३.३०

पुदुआऱ्यात, गावातल्या कालव्यात, पाणी आलं. सगळं तंजावूर पुलावर उभं राहून पाणी बघतंय. मी कामात.

आज एक गंमत. अ‍ॅम्प सुरू करून खुर्चीत बसलो होतो. आतून टिंग असा आवाज आला. मग परत टिंग. पावलं पडावीत तसा. जुना व्हॉल्व्ह आत सैल होतो, जवळून कोणी चाललं की वाजतो. सोपं कारण आहे. नागलक्ष्मी देवळात गेली होती. खोलीत कोणी चालत नव्हतं. बाहेरून टाउन बस गेली असणार.

खिडकीतून बघितलं. बस नव्हती. तोवर निघूनही गेली असेल.

१७ जून

पार्सल आलं. सोल्डरिंग केलं. सुरू करताच धूर. दोन तारा उलटसुलट लागल्या होत्या. चूक माझी नाही. सर्किटचा नकाशा फार बारीक छापलाय, आणि सेतुरामनं आतल्या तारांना आपल्या मनानं रंग दिलेत.

प्रत्येक तारेला त्यानं एकेक चिठ्ठी बांधलीय. अक्षर तेच. मी चष्मा काढून ठेवला. आज इतकंच.

दहा दिवसांची मुदत वाढवून तीन आठवडे. मोठ्या कामांचं असंच होतं.

२० जून, शुक्रवार. सकाळी ११

खरं तेच लिहायचं ठरलं होतं, म्हणून लिहितो. ती शास्त्रीय सूचना नव्हती. घरी पाहुणे आले होते, तो माडीवर वाजवत होता, खाली घूं ऐकू येत होती. मी वर गेलो आणि भिंतीतला प्लग उपटला. त्याच्या दोन शिष्यांच्या समोर. हा गोंगाट माझ्या घरात नको, म्हणालो.

प्लग काढल्यावरही अ‍ॅम्प चार सेकंद बोलत राहिला. ते चार सेकंद सेतुराम माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. काहीतरी सांगायचं असल्यासारखा. मग घूं संपली आणि तो गिटार पुसायला लागला.

म्हणून ही घूं मला नकोय. अ‍ॅम्प सुरू केला की मला ते तोंड दिसतं. घूं गेली की मीही सुटेन आणि शांभवीलाही निर्दोष वस्तू मिळेल. एका कामात दोन कामं.

२४ जून. दुपारी ४.५०

विजय. पूर्ण विजय.

या वेळी तारा तपासून दोन्ही जुने कपॅसिटर काढले. नवे घातले. शिवाय बटण बंद करताच साठलेली वीज जिरवणारा एक रेझिस्टर बसवला, ही माझी स्वतःची सुधारणा. गेलेला आणि टिंग करणारा, दोन्ही व्हॉल्व्हही बदलले. अ‍ॅम्प सुरू केला. आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. स्पीकरच्या कापडाला कान लावला. काही नाही. बंद केला. लगेच बंद.

जुने भाग, तारा आणि त्या चिठ्ठ्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. नागलक्ष्मी म्हणाली, भावजींच्या हातची अक्षरं होती, विचारायचं तरी. विचारायचं कोणाला?

२६ जून

सकाळपासून अ‍ॅम्प सुरू करून समोर बसलोय. टेस्टिंग. घर फार शांत वाटतं. तीन आठवड्यांच्या सवयीमुळे कानाला असं होतं, शास्त्रात त्याला नाव आहे. आठवत नाही.

दोनदा मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. हे बरंच झालं. तरी वाईट का वाटलं, ते कळत नाही.

१ जुलै

अ‍ॅम्प ऑटोनं तिरुवैयारूला पाठवला. खोक्याला पॉलिशही केलं. शांभवीला फोनवर सांगितलं, अप्पाचा अ‍ॅम्प असा तू कधी ऐकलेला नाहीस. ते अक्षरशः खरं ठरलं, हे उद्यापरवा लिहावं लागेल, याची तेव्हा कल्पना नव्हती. (हे वाक्य ३ तारखेला घातलं.)

३ जुलै, गुरुवार. सायंकाळी ७

काल टॅक्सी करून तिरुवैयारूला आलो, श्राद्ध नीट झालं. कावळ्यानं पिंड लगेच घेतला. मी म्हणालो, बघा, समाधानी आहे.

आज जेवणं झाल्यावर शांभवी गिटार घेऊन बसली. सेतुरामचे सातआठ शिष्य समोर. तिनं अ‍ॅम्प सुरू केला, व्हॉल्व्ह तापू दिले, आणि खुंटीवर हात ठेवून थांबली. सगळेच थांबले. मला वाटलं, मौन पाळताहेत. मीही मान खाली घातली.

मग तिनं विचारलं, काका, षड्ज कोठें गेला?

मी उठून समजावून सांगितलं. घूं कशानं येत होती, ती मी कशी घालवली, रेझिस्टरची सुधारणा. 

ती हळू आवाजात बोलली. अप्पांनी कधी तंबोरा ठेवला नाही, श्रुतीपेटी ठेवली नाही. घूं हाच त्यांचा तंबोरा. पाच कट्टैच्या, म्हणजे पांढरी पाचच्या, जरा वर लागायची. रोज बसल्यावर आधी ती ऐकायची, तारा तिच्याशी जुळवायच्या, मग सुरुवात. विजेप्रमाणे पट्टी किंचित हलायची, तेव्हा आज ईबीची वीज उतरलीय रे, असं म्हणून अप्पा तारा सैल करायचे. इथल्या अस्क्या, सगळ्या शिष्यांचा कान त्या घूंवर तयार झालाय.

मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नाही.

ती म्हणाली, दाराशी आलेल्या प्रत्येकाला अप्पा सांगायचे. तुम्ही आला नाहीत.

एका शिष्यानं फोनवरचा तंबोरा लावला. तीच पट्टी. शांभवीनं दोन ओळी वाजवल्या आणि हात थांबवला. मागून सूर कोणी धरत नाही, म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी काय केलं ते लिहायची लाज वाटते. मी अ‍ॅम्पशेजारी जमिनीवर बसलो आणि तोंडानं घूं धरली. डोळे मिटून. तिनं वाजवायला सुरुवात केली. मी तिचा काका, रिटायर्ड प्रोफेसर, घूं करतोय. दोनदा उतरलो, दोनदा तिनं तार छेडून मला वर आणलं. अडीच मिनिटांत खोकला आला. तिनं गिटार खाली ठेवली, अ‍ॅम्पला नमस्कार केला आणि सगळ्यांना पायसम वाढायला उठली.

सेतुरामच्या तंबोऱ्याचा प्लग मी उपटला होता. दोनदा.

४ जुलै. सकाळी ८

घसा बसलाय. सुब्रह्मण्यकडे जाऊन आलो. तसे मरणाला टेकलेले दोन कपॅसिटर आता मिळतील का, विचारलं. मिळतील, पण घूं ज्याची त्याची असते सार, ती नाही यायची, म्हणाला. भंगारवाला माल घेऊन कालच कुंभकोणमला गेला.

सेतुरामची फार आठवण येते. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

शांभवीचा फोन होता. अ‍ॅम्प तुमच्याकडेच राहू दे, येऊन घेऊन जा, म्हणाली. येतो म्हणालो. अकरा वर्षांत पहिल्यांदा बसची चौकशी केली. तिरुवैयारूला दर दहा मिनिटांनी बस आहे. जुन्या स्टँडवरून सुटते, बसायला जागा मिळते, अर्ध्या तासात पोचवते.