बाक धरताना

मावला,
रविवार, ६ नोव्हेंबर २०१६

प्रिय बयनामावशी,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आमची दिवाळी बरी झाली.

मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं. सरकारने जिल्हे फोडले, तुमची वांकिडी नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेली, म्हणून मथुराबाईंनी तू माझ्यासाठी सुचवलेली सोयरीक मोडली, असं मी कळवलं. बाबांनी सांगितलं तेच लिहिलं. ते खरं नाही. तुझं उत्तर आलं नाही. मथुराबाईंकडून तू दुसरंच ऐकलं असशील.

बाबांची स्पीकरची गोल पाठीची खोकी तू पाहिली आहेस. प्लायला आतून करवतीच्या चिरा पाडायच्या, शेवटचा पापुद्रा शाबूत ठेवायचा, चिरांत सरस भरून फळी साच्यावर वाकवायची आणि सायकलच्या ट्यूबने आवळायची. शाळेत जायच्या आधी बाबांनी मला हे शिकवलं. फकिरादादाची चीर खोल जाते, फळी तडकते. म्हणून वाकवते मी. गिऱ्हाइकाला नाव दादाचं सांगतात.

परवा ट्यूब तुटली. सरस ओला होता. मी फळी छातीने आणि दोन्ही हातांनी साच्यावर दाबून धरली. बाबा आणि दादा शेजारीच चहा पीत होते.

"बाबा, मथुराबाईनं काऊन नाही म्हणलं?"

"म्याच सांगतलं, पोरीले फिटं येतात म्हणून."

"हळू बोला. आयकून राह्यली ते."

"आयकू दे. पाह्य, हात सोडते का! हिले धाडलं त खोकी कोन वाकवन, तू?"

दोघंही हसले. मी हात सोडला नाही. सरस धरेपर्यंत तशीच उभी राहिले. फळीला बाक चांगला आला, मावशी. कुठे तडा नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

मला कधी फिट आलेली नाही. तरी काल शेजारच्या सोजरबाईने मला चुलीपासून लांब बसवलं.

पुढच्या रविवारी दादाच्या होणाऱ्या सासरचे येताहेत. फकिरा तुमच्यासमोर खोकं वाकवून दाखवेल, असं बाबांनी त्यांना कबूल केलंय. मी मदतीला उभी राहणार, हे धरूनच. दादाला मी सावध केलेलं नाही. करणारही नाही.

फोन बाबांच्या खिशात असतो, म्हणून हे पत्र. मथुराबाईंना आधी काही सांगू नकोस. त्यांनी मला सून करावं असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या अंगणात उभं राहून खरं सांगायचंय. तिथून मी घरी परतणार नाही. तू ठेवलंस तर तुझ्याकडे राहीन.

पाहुणे जेवायला येतील, तेव्हा मी वांकिडीत असेन. पहिल्या बसने निघते, रविवार, १३ नोव्हेंबर.

तुझी धडधाकट भाची,
देवका